ऐंशीच्या पुढे

दस्तगीरचाचांनी आधी दोन्ही शाफ्ट
अडत्याकडून मागून आणलेल्या गुळाच्या काट्यावर ठेवले.
जुना लोखंडी, दोन तुकड्यांचा,
मधे बेअरिंगची रबरी बांगडी :
सव्वापंधरा किलो.
नवा ॲल्युमिनियमचा, सलग, पुण्याहून पार्सलनं आलेला :
साडेसात.
"निम्म्याला निम्मं, बाई," चाचा म्हणाले,
"आता आनि काय काय निम्मं हुतंय ते बगू."

उद्यमनगरात दुपारी तीनला
प्रत्येक शेडचा आवाज निराळा.
शाळेच्या ड्रेसवर सिद्रामचा तेलकट डगला चढवून
मी जीपखाली खड्ड्यात उतरले.
फ्लँजवर खूण करायला खडू माझ्याच पर्समधला,
नववी ब चा.
चार बोल्ट, चार नट, पान्याची टिक, टिक.

गोकुळ शिरगावपर्यंत झक्कास.
पाय ठेवायचा अवकाश, पळत होती.
साठला आरशातला ट्रक स्थिर.
ऐंशीला आरसा धूसर झाला.
सीटखालून कमरेत, कमरेतून दाढेत
एक बारीक गुणगुण,
मी फळ्याकडे वळले की वर्गात सुरू होते तशी :
तिसऱ्या बाकावरून, की खिडकीकडून, कळत नाही,
आणि वळून बघावं तर सगळे शहाणे.
पाय काढला, गप्प.
दिला, पुन्हा.

कागलहून परत आले.
चाचांनी फ्लँज एक भोक फिरवून बसवला :
गुणगुण ऐंशीवरून शहाऐंशीवर गेली.
नळीचे दोन क्लॅम्प आवळले, स्क्रू समोरासमोर, मग थोडे जवळ, मग आणखी :
एकदा तर गिअरचा दांडाच माझ्या हातात नाचला.
सिद्राम म्हणाला, क्रॉस खराब.
शेजारचा टर्नर म्हणाला, माल खराब.
चहावाला पोरगा म्हणाला, जुनंच बसवा की.

पाचच्या सुमाराला मी पर्समधून कंपासपेटी काढली.
कोनमापक, दोरा, दोऱ्याला लटकवलेला नट.
गिअरबॉक्सपाशी चार अंश.
मागं डिफरन्शियलच्या तोंडाशी सहा.
मी खड्ड्यातच हसले.
एकोणीस वर्षं काढतेय फळ्यावर
दोन समांतर रेषा, त्यांना तोडत जाणारी छेदिका,
आणि घसा कोरडा करून सांगतेय :
व्युत्क्रम कोन सारखे असतात, पोरांनो,
कधी, तर रेषा समांतर असतील तेव्हाच.
आणि इथे छेदिका माझ्या डोक्यावर लटकत होती,
ग्रीसनं माखलेली.

पाट्याखाली दोन अंशांची पाचर.
चाचा पाचर ठोकताना काही बोलले नाहीत.
बोल्ट आवळून झाल्यावर म्हणाले,
"ह्ये शाळंत शिकिवत्यात व्हय?"

संध्याकाळी हायवेला ऐंशी, नव्वद, पंच्याण्णव.
आरसा तळ्यासारखा.
आणि त्या शांततेत
पाय काढला की मागून एक उंच, पातळ रडणं.
हे नवंच.

चाचांनी मागच्या सीटवर कान टेकून ऐकलं.
"नवं न्हाई. डिफरन्शियलचे दात हैत.
लई वर्सांचं आसणार.
जुना शाफ्ट जड हुता, बाई, समदं गिळत हुता.
ह्यो हलका. ह्यो बोलतोय."
परत येईपर्यंत मी रेडिओ लावला नाही.
अकरा वर्षं ही गाडी चालवली,
सगळ्यांना सांगितलं, बघा, कशी आवाज न करता पळते.

"जुना घालू का परत?"
"नको."
मग तो जुना शाफ्ट चाचांनी ठेवून घेतला,
शेडच्या ताडपत्रीला आडवा दांडा पाहिजे होता त्यांना.
दात पुढच्या महिन्यात उघडू म्हणाले. खर्च सांगितला नाही.

सोमवारी नववी ब.
फळ्यावर छेदिका काढली, मागे गुणगुण सुरू झाली.
वळले नाही.
खडू तसाच टेकवून उभी राहिले, ऐकत.
तिसरा बाक नव्हता. खिडकीही नव्हती.
पहिल्या बाकावर, अगदी माझ्या पाठीशी,
कधीच न बोलणारी शाकंभरी चौगुले
प्रमेय स्वतःशी म्हणत होती.